पाइपची तंबाखू: काय मुरवावं, काय लगेच ओढून संपवावं?

बरणीबाज (धागाकर्ता)

पाइप ओढणाऱ्या मंडळींत एक समज पक्का बसलाय, तंबाखू जितकी जुनी तितकी भारी. डब्याच्या तळाला जुनं साल दिसलं की माणसं हळवी होतात आणि आत नेमकं कोणतं पान आहे हे विचारायचं राहून जातं. मला हे पटत नाही. ज्या पानात साखर आहे ते मुरतं. ज्याची सगळी ओळख धुरावर (लाटाकियाच घ्या) किंवा वरून चढवलेल्या वासावर उभी आहे, ते वर्षागणिक काहीतरी घालवतच जातं. यावर वाद व्हावा म्हणूनच धागा काढतोय.

कारण शोधायला वाळवणीपर्यंत मागे जावं लागतं. व्हर्जिनिया जातीची पानं खुडल्यावर बंद कोठीत गरम हवेवर वाळवतात. सुरुवातीला ऊब बेताची आणि दमटपणा भरपूर. त्यात पान पिवळं पडतं आणि आतल्या स्टार्चची साखर होते. मग तापमान टप्प्याटप्प्याने ७० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात, पानातली हालचाल थांबते आणि साखर जागच्या जागी अडकून राहते. सगळं काम साधारण आठवडाभराचं. बर्ली या दुसऱ्या जातीचं उलट. ती हवेशीर शेडमध्ये कित्येक आठवडे टांगलेली असते, पान सावकाश वाळतं आणि वाळता वाळता स्वतःचीच साखर खाऊन बसतं. म्हणून तयार व्हर्जिनियात वजनाच्या १५-२० टक्के साखर सहज सापडते आणि बर्लीत नावापुरती. पुढे बरणीत जे व्हायचं ते याच भांडवलावर.

आता आवडीचं. पहिला मान सॅम्युअल गॅविथच्या फुल व्हर्जिनिया फ्लेकला. इंग्लंडमधल्या केंडलची ही पेढी १७९२ पासूनची. ताजा डबा उघडला तर फ्लेक (दाबलेल्या तंबाखूची कापलेली पट्टी) जाड, गडद आणि चांगलाच ओलसर असतो. चव असते, पण जरा दबलेली. हाच फ्लेक काही वर्षं काचेच्या बरणीत पडून राहू द्या. झाकण फिरवल्यावर आधी नाकाला आंबूस झणका बसतो. बरणी तशीच उघडी ठेवली की तो ओसरतो आणि खालून मनुका, सुकं अंजीर असलं काहीतरी वर येतं. फ्लेक एकमेकांना धरून बसलेले असतात, सोडवताना बोटं किंचित चिकट होतात, आणि पट्टी उजेडात तिरकी धरली तर तिच्यावर बारीक कण चमकतात. ओढताना जिभेला टोचणारी धार गेलेली असते. गोडवा ताज्या डब्यातही असतो, पण तिथे तो अर्ध्या बाऊलनंतर दमतो. मुरलेल्यात राख होईपर्यंत साथ देतो.

त्याच्या खालोखाल कॅप्स्टन ब्ल्यू. हा ताजेपणी गवताळ, थोडा चटकदार. रंगातला फरक याच्यात सगळ्यात छान दिसतो, पिवळसर फ्लेक हळूहळू विटकरी आणि मग तपकिरी होतो. एस्क्युडोच्या चकत्या आहेतच, व्हर्जिनिया आणि पेरीक (पिंपात आंबवलेलं मिरमिरीत पान). रोजच्याला ऑर्लिक गोल्डन स्लाइस्ड. तो ताजाही इतका गुणी आहे की मुरायला ठेवावा असं मुद्दाम वाटत नाही, पण उरलाच तर चांगला होतो.

तुमच्याकडे काय मुरत पडलंय?

धुरकट

धागा उत्तम, पण लाटाकियाला तुम्ही दोन ओळींत निकालात काढलंत ते काही पटलं नाही.

लाटाकिया म्हणजे ओरिएंटल जातीचं पान, वाळल्यावर सुगंधी झुडपांच्या आणि लाकडांच्या धुरावर धरलेलं. सायप्रसमध्ये त्यासाठी मॅस्टिक, मर्टल वगैरे वापरतात. आठवडेच्या आठवडे धूर घेऊन पान काळंकुट्ट होतं. नव्या डब्यात हा धूर बाकी सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. माय मिक्श्चर ९६५ किंवा नाइटकॅप ताजा उघडून बघा. आधी लाटाकिया, मग लाटाकिया, आणि शेवटी कुठेतरी ओरिएंटल पानांची आंबटसर कुजबुज. तीनचार वर्षं गेली की धूर एक पाऊल मागे सरतो आणि मागची माणसं बोलायला लागतात. नाइटकॅपमधला पेरीक मला ताज्या डब्यात कधीच नीट सापडत नाही, जुन्यात सापडतो. याला तुम्ही घालवणं म्हणता?

दहा वर्षांपुढे मात्र तुमचं म्हणणं मान्य. तेव्हा लाटाकिया इतका मऊ होतो की इंग्लिश (म्हणजे लाटाकियावालं) मिश्रण ओढतोय की नुसती व्हर्जिनिया असा प्रश्न पडावा. हलक्या हाताने लाटाकिया घातलेली मिश्रणं तर त्याआधीच विझतात. अर्ली मॉर्निंग पाइप मी ठेवत नाही, आणला की ओढतो.

बरणीबाज

>>>मागची माणसं बोलायला लागतात

हे आवडलं आणि मान्यही. पण बघा, तिथेही मुरतेय ती मिश्रणातली व्हर्जिनियाच. लाटाकिया फक्त आवाज खाली आणतो. ज्या इंग्लिश मिश्रणात व्हर्जिनिया भरपूर आहे ते ठेवण्यात अर्थ. ज्यात निम्म्याहून जास्त लाटाकियाच आहे त्यात मागे बोलायला आहे कोण?

आणि ज्याला लाटाकियाचा दणका हवाय त्याने जुना डबा घेऊच नये. ज्यासाठी घेतला तेच उडालेलं असायचं.

कोरी_पाटी

मी या प्रकारात नवीन, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.
डबा तसाच ठेवायचा की उघडून बरणीत भरायचा? ओलसर ठेवायची की सुकवून? आणि वरती पांढरं दिसलं तर ती साखर की बुरशी, हे कळतं कसं?

बरणीबाज

बाळबोध कसले, कामाचे प्रश्न तेच आहेत.

गोल, झाकण आत ओढून धरणारा डबा असेल तर हात लावू नका. चौकोनी चपट्या डब्यांवर माझा विश्वास नाही. कोपऱ्यात कडा नीट बसत नाहीत, हवा आत-बाहेर करते आणि काही वर्षांनी हातात खडखडीत भुसा येतो. एका कंपनीच्या डब्याला तर आतून गंज चढून बारीक भोक पडलं होतं, बाहेरून कागद शाबूत, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता. तेव्हापासून चौकोनी डबा आला की सरळ बरणीत रिकामा करतो. सुटी आणलेली तंबाखूही बरणीतच.

बरणी म्हणजे रबरी कड असलेल्या पत्र्याच्या झाकणाची, फळं टिकवायला वापरतात ती. मेसन यांचं पेटंट १८५८ चं, आणि अजून तरी यापेक्षा सोपं काही मला मिळालेलं नाही. बरणी धुऊन पूर्ण कोरडी करा. तंबाखू भरल्यावर उकळत्या पाण्यात वगैरे ठेवायच्या भानगडीत पडू नका. उष्णतेने पान उकडतं, ते मुरणं नव्हे. वापरलेल्या बरणीला आधीच्या मालाचा वास असेल तर ती दुसऱ्या कामाला लावा, झाकणाच्या रबरात वास वर्षानुवर्षं राहतो.

ओलावा बोटांनीच कळतो. चिमूटभर घेऊन दाबा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर जास्त ओली, करकरली तर जास्त सुकी, हळूच सैल झाली तर बरोबर. ठेवताना ओढण्यापेक्षा किंचित जास्त ओलसर चालते. पार कोरडी झालेली तंबाखू मुरत नाही, नुसती पडून राहते. नंतर ओलावा देता येतो, पण उडालेला वास परत येत नाही.

बुरशी केसाळ असते, कापसासारखी वर उचललेली, करडी किंवा हिरवट झाक असलेली, आणि तळघराचा कुबट वास मारते. खडे पानाला चिकटून सपाट बसतात आणि उजेडात चमकतात. भिंग असेल तर एका नजरेत निकाल लागतो. बुरशी असेल तर बरणीच्या बरणी फेका, वरचा थर काढून खालचं वाचवायला जाऊ नका.

कोरी_पाटी

धन्यवाद! तळापर्यंत सगळं समजलं. भिंग शोधतो.

रसायनीबुवा

त्या चमकणाऱ्या कणांना सगळे सरसकट साखर म्हणतात. मी म्हणणार नाही. पानात पोटॅशियम, कॅल्शियम आणि सेंद्रिय आम्लं भरपूर असतात, त्यांचे क्षारही असेच वर येऊन बसतात. चमक दिसली म्हणजे तंबाखू उत्तम मुरली असा दाखला मिळत नाही. माझ्याकडे बिनचमकीच्या बरण्या चमकवाल्यांपेक्षा सरस निघाल्यात.

आत काय होतं ते थोडक्यात. बरणी बंद केल्यावर सुरुवातीला आत हवा असते. तोवर ऑक्सिजनवर जगणारे सूक्ष्मजीव आणि साधं ऑक्सिडेशन दोन्ही चालू. ऑक्सिजन संपला की बिनहवेचं संथ काम सुरू होतं. यात कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून कधी कधी जुन्या डब्याचं झाकण फुगलेलं दिसतं. घाबरू नका, ते चांगलं लक्षण. झाकण उघडल्यावर येणारा आंबूस झणका बऱ्याच अंशी ॲसिटिक आम्लासारख्या हलक्या आम्लांचा, ती लवकर उडतात. जोडीला साखर आणि अमिनो आम्लांची माइलार्ड पद्धतीची प्रक्रिया, जी चुलीवर मिनिटांत होते ती इथे वर्षानुवर्षं रेंगाळत चालते. रंग गडद होणं आणि सुक्या फळांचा वास याचं बरंचसं श्रेय तिला. पानातला अमोनिया उडणं-बांधला जाणं हाही भाग आहे, जिभेचा चटका कमी वाटतो त्यात त्याचा हात असणार.

म्हणून दोन गोष्टी. एक, व्हॅक्यूम यंत्राने सगळी हवा खेचून बरणी बंद करणारे लोक पहिल्या टप्प्याचाच गळा दाबतात. जसंच्या तसं टिकवायचं असेल तर ठीक, मुरवायचं असेल तर थोडी हवा राहू द्या. दोन, मध्येच ‘बघू तरी कुठवर आलंय’ म्हणून बरणी उघडली की घड्याळ पुन्हा पहिल्या टप्प्यावर येतं. उघडलीत तर संपवायच्या तयारीने उघडा.

धुरकट

व्हॅक्यूमबद्दल सहमत नाही. पानांच्या घड्यांत आणि रेषांत हवा उरतेच, यंत्र कितीही खेचो. दोन्ही पद्धतीने ठेवलेला एकच माल शेजारी शेजारी ओढून पाहिल्याशिवाय मी तरी यावर शपथ घेणार नाही.

रसायनीबुवा

शपथ मीही घेत नाही हो, पण पैज लावायला तयार आहे. निकालाला दहा वर्षं लागतील एवढंच. :)

नावापुरता

वाचतोय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

पिंपातला_राजा

पेरीकचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही. इथे लोक मुरवणं म्हणजे बरणी एवढंच धरून चाललेत. पेरीक आधीच मुरून येतो! लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये ही पानं व्हिस्कीच्या पिंपांत दाबून भरतात, वरून स्क्रू जॅकचा दाब देतात. पानं स्वतःच्याच रसात बुडून आंबतात. मध्ये मध्ये पिंप मोकळं करून पानांना हवा द्यायची, उलटीपालटी करायची, पुन्हा दाब. साधारण वर्षभर हेच. बाहेर येतो तो काळा, तेलकट, नाकात मिरीसारखा चढणारा ऐवज, मागे पिकलेल्या आलुबुखाराचा वास. नुसता ओढायचा माल नव्हे तो, मिश्रणात थोडासाच घालतात.

आणि माझं ठाम मत, व्हर्जिनिया-पेरीक ही जोडी बरणीत सगळ्यात जास्त फायद्यात राहते. एलिझाबेथन मिक्श्चर घ्या. ताज्यात पेरीक वेगळा मिरमिरतो, व्हर्जिनिया वेगळी गोड लागते. चारपाच वर्षांनी शिवण दिसत नाही. एस्क्युडोचंही तेच, फक्त त्या चकत्या आधीच दाबून घट्ट केलेल्या असल्याने वेळ थोडा जास्त द्यावा लागतो. धागाकर्त्याने एस्क्युडोला एका वाक्यात उरकलंय याचा निषेध!

बरणीबाज

निषेध नोंदवून घेतला आहे.

दाबण्याचा मुद्दा मात्र महत्त्वाचा. सुटी, बारीक चिरलेली तंबाखू आणि दाबून केलेला फ्लेक किंवा प्लग (न कापलेली घट्ट वडी), यात दुसरा सावकाश पण लांब पल्ल्याचा. सुट्या मालात पानाची हवेशी गाठ जास्त, बदल लवकर दिसतो आणि उतारही लवकर. वीस वर्षांचं स्वप्न बघायचं असेल तर प्लग घ्या.

बिनसाखरेचा

बर्लीवाल्यांच्या वतीने हजेरी लावतो, कारण आमच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

प्रिन्स अल्बर्ट १९०७ पासून बाजारात आहे आणि त्याचा सगळा आनंद ताजेपणात आहे. बर्ली सच्छिद्र पान, स्पंजासारखं, म्हणून त्याला गोड पाक पाजतात. जे मुरायचं ते त्या पाकातलंच. पाच वर्षांचा डबा उघडला तर थोडा गोल झालेला असतो, बस. नव्या डब्याच्या दाणेदार, भाजल्यासारख्या चवीसाठीच मी ओढतो, ती पाच वर्षांनी सुधारत नाही. कार्टर हॉलचंही तसंच. बर्लीचा फायदा एकच की बिघडायचीही घाई नसते, आणि उघडा पडलेला डबा सुकला तरी ती बऱ्यापैकी ओढवते.

डार्क फायर्ड केंटकीबद्दल कुणी लिहील का? तीही बर्लीच्याच गोतावळ्यातली, पण लाकडाच्या धुरावर वाळवलेली. माझ्या अनुभवात तिचा धूर लाटाकियापेक्षा चिवट आहे.

धुरकट

केंटकीबाबत +१. तिचा धूर पानाच्या आत गेलेला वाटतो. लाटाकियाचा अंगावर पांघरलेला.

खवचट_खान

आणि आम्ही गरीब बिचारे व्हॅनिला-चेरीवाले? आम्हाला वर्गाबाहेर उभं केलंय का?

बरणीबाज

खानसाहेब, बाहेर नाही, पहिल्या बाकावर बसा आणि डबा आजच उघडा. वरून लावलेला वास हा सगळ्यात आधी उडणारा भाग. शिवाय अशा मिश्रणांत ओलावा धरून ठेवायला बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉल असतं, त्यामुळे ती वर्षानुवर्षं ओलसर राहतात खरी, पण ओलसर राहणं निराळं आणि मुरणं निराळं. काळ्या कॅव्हेंडिशला तर वाफेवर इतकं शिजवलेलं असतं की पुढे घडायला फारसं उरत नाही.

अपवाद केंडलच्या त्या अत्तरी मिश्रणांचा, एनरडेल वगैरे. तो टोंका बी आणि जिरेनियमचा वास आपल्यानंतरही टिकेल. :)

खवचट_खान

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

साठेबाज_नव्हे

२०१८ साली दोन दणके बसले ते आठवा. मॅकक्लेलंड ही तंबाखू कंपनी बंद झाली आणि डनहिल हे नाव पाइपच्या डब्यांवरून गेलं. डनहिलची मिश्रणं नंतर पीटरसनच्या नावाने परत आली, नाइटकॅप, ९६५ सगळी. मॅकक्लेलंड परत आलं नाही. त्या मागे चांगल्या पानाची टंचाई हे कारण त्यांनी दिलं होतं.

तेव्हापासून माणसं ओढण्यासाठी कमी आणि जमवण्यासाठी जास्त घेतात असं माझं निरीक्षण. मॅकक्लेलंडच्या ख्रिसमस चिअरच्या डब्यांवर साल छापलेलं असायचं, त्यामुळे ते तर पोस्टाच्या तिकिटांसारखे गोळा झाले. मॅकक्लेलंडच्या व्हर्जिनियाला डबा उघडताच व्हिनेगरचा जबरदस्त वास यायचा, लोक त्याला टोमॅटो केचप म्हणायचे, आणि जुन्या डब्यात तो निवून खाली गडद, पिकलेली लाल व्हर्जिनिया लागायची. त्या व्हर्जिनिया खरोखर थोर होत्या, पण त्याच नावाचा फायदा घेऊन त्यांची लाटाकियावाली मिश्रणंही तितक्याच आदराने विकली जातात. फ्रॉग मॉर्टन ताजा असताना फार गोड माणूस होता. आज त्याचा डबा म्हणजे आठवणींचा डबा, चवीची खात्री कुणी देऊ नये.

पिंपातला_राजा

बरोबर. आणि जुना डबा विकत घेताना हलवून ऐका. आत माल खुळखुळला तर वाळलेला आहे.

तिरपी_ओळ

मी ओढत नाही, घरात ओढणारे आहेत म्हणून वाचत होते. एक गोष्ट इथे नोंदवलेली असावी. ‘धूर छातीत घेत नाही म्हणून पाइप निर्धोक’ हे घरोघरी ऐकू येतं, ते खरं नाही. तोंड, जीभ, घसा आणि फुप्फुस, सगळ्यांच्या कर्करोगाचा धोका पाइपनेही वाढतो. मुरलेली तंबाखू जिभेला मऊ लागली म्हणून शरीराला मऊ लागत नाही.

बरणीबाज

ताई, शंभर टक्के मान्य. मुरल्याने निकोटिन किंवा डांबर कमी होतं असं इथे कुणी समजत असेल तर तो समज काढून टाकावा. ज्याने सुरू केलेलं नाही त्याने या धाग्यामुळे सुरू करू नये.

कोरी_पाटी

शेवटचा प्रश्न. जुना फ्लेक ओढायचा कसा? तसाच दुमडून भरायचा की चुरून? आणि त्यासाठी वेगळा पाइप लागतो का?

पिंपातला_राजा

जुना फ्लेक ओला आणि चिकट असतो, आधी कागदावर पसरून अर्धा-पाऊण तास सुकू द्या. त्याने वास उडत नाही, उलट मोकळा होतो. दुमडून भरला तर सावकाश आणि थंड जळतो पण पेटवत बसावं लागतं. सवय होईपर्यंत चुरून भरा. तळाला सैल, वर जरा घट्ट.

धुरकट

पाइप वेगळा हवाच. ब्रायर लाकडात लाटाकियाचं भूत राहतं, एनरडेलसारख्यांचं तर उतरतच नाही. अशा पाइपात दहा वर्षांची व्हर्जिनिया भरली तर तुम्हाला लाटाकियाच लागेल. वेगळा ब्रायर ठेवायचा नसेल तर मीअरशॉम (मऊ पांढऱ्या खनिजाचा पाइप) घ्या, त्यात वास फारसा धरत नाही आणि जुन्या-नव्याची तुलना प्रामाणिक होते. आमच्या रसायनीबुवांच्या पैजेलाही तोच लागेल.

रसायनीबुवा

लागेल. आणि बरण्यांवर तारीख लिहायची ती झाकणावर नको, काचेवर चिकटपट्टी लावून. झाकणं धुताना अदलाबदल होतात.